कोंडलेला दाणा

सुपारी धरावी तसा थोसर साहेबांनी तो काळा दाणा अडकित्त्यात धरला आणि दाबला. कट् असा आवाज झाला. दोन खांडं त्यांच्या तळहातावर पडली.

"बघा. काय दिसतं?"

लहू शिगवण पुढे वाकला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. बाहेरून कोळशासारखा काळा असलेला दाणा आत खडूसारखा पांढरा होता. काळं होतं ते फक्त कडेला, नखाच्या चंद्रकोरीएवढं.

"आयला," लहू म्हणाला, "ह्यो तर आत कोरा हाय!"

"कोराच आहे," साहेब म्हणाले. "तीच तर गंमत आहे."

खेडच्या बाजूला डोंगर कापून जी कारखान्यांची वसाहत झाली, तिथली ही गोष्ट. माझी मुलं तेव्हा लहान होती. आमच्या कंपनीत तीन मजली उंचीचं एक उभं लोखंडी नळकांडं होतं, त्याला आम्ही भट्टी म्हणायचो. आत हे बोराच्या बीएवढे दाणे काठोकाठ भरलेले. खालून तापलेली वाफ शिरायची, दाण्यांतून फिरायची आणि वरून निराळाच माल होऊन बाहेर पडायची. दाणा झिजत नसे, संपत नसे. पण काही महिने गेले की मालाची धार बारीक होत जायची. साहेबलोक म्हणायचे, कॅटॅलिस्ट मेला. आम्ही म्हणायचो, दाणा मेला.

दाणा मेला की भट्टी उघडायची, आत उतरून तो उपसायचा, चाळायचा, भुगा काढायचा. ते काम वर्षानुवर्षं लहूनं केलं होतं, तोंडाला पंचा बांधून. भुगा इतका बारीक की पंचा सोडला की आतल्या बाजूलाही तो काळाच निघायचा. त्या दिवाळीपासून त्याला पाण्याच्या पंपावर बसवलं होतं, कारण चार पायऱ्या चढला की तो कठड्याला धरून उभा राहायचा. पण पंपावर त्याचं मन रमत नसे. साहेब आले की तो चाळणीच्या शेडमध्ये हजर.

"ह्या दाण्याला छिद्रं आहेत," साहेब सांगू लागले. पुण्याचा माणूस, पानाचा शौकीन, आणि आमच्यासारख्यांना काही समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस. "डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. त्यांतून वाफ आत शिरते. आत गल्ल्या, गल्ल्यांत बोळ, बोळांत खोल्या. सगळं काम त्या खोल्यांच्या भिंतींवर होतं. ओंजळभर दाण्यांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर हे आपलं आवार पुरणार नाही."

"आणि काजळी?" मी विचारलं.

"काजळी धरते ती आधी दारात. दार अरुंद झालं की वाफ आत-बाहेर करताना अडखळते. अडखळली की तिचीच आणखी काजळी होते. शेवटी दार बंद. आतल्या खोल्या मोकळ्या, स्वच्छ, कामाला तयार. पण त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही."

लहूनं एक खांड उचलून डोळ्याजवळ धरलं. "म्हंजे दाणा मेलेला नाय."

"मेलेला नाही रे. कोंडलेला आहे." साहेबांनी पानाला चुना लावता लावता सहज म्हटलं, "आपल्या फुप्फुसांसारखंच की. तिथंही अशाच बारीक बारीक खोल्या."

"मग आता ह्याला काय करायचा?"

"भाजायचा. गरम करून अगदी पातळ हवा सोडायची, नावापुरती. ती आत शिरते आणि दारातली काजळी वायू होऊन निघून जाते. पण सावकाश. घाई करून जोराची हवा दिलीत तर आत आग भडकते, खोल्या वितळून एक होतात. मग मात्र तो खरा मेला."

"आणि सावकाश केला तर?"

"नव्यासारखा."

लहू हसला. "साहेब, मग मला पण टाका त्या भट्टीत. भायेर काढाल तवा नवऱ्या मुलासारखा दिसतो का नाय बघा!"

चाळणीवर बसलेल्या बायका खिदळल्या. येसू भुवडीण, माझी चुलतभावजय, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "तुला कोण भाजतो मेल्या? तुझा दाणा कुठं ऱ्हायलाय, तुझा तर भुगा झालाय! चाळणीतून खाली पडशील."

सगळेच हसलो. लहूही हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो खोकला लागला की आम्ही दुसरीकडे बघायचो. खाली बसून, गुडघ्यांत डोकं घालून तो खोकत राहायचा, आणि थांबला की डोळे पुसून म्हणायचा, "हां. काय म्हणत होतो मी?"

त्या दिवशी त्यानं तसं विचारलं नाही. दाण्याची दोन्ही खांडं मुठीत घेऊन तो पंपावर गेला.

भाजणी सुरू झाली. ती सुरू झाली की भट्टीचा धूर पाण्याच्या टाकीतून धुऊन मागच्या लोखंडी माचीवर एका वाकड्या नळीतून बाहेर सोडत. नळीतून काही दिसायचं नाही. हात धरला तर कोमट, ओलसर फुंकर लागायची. तिथं लाल अक्षरांची पाटी होती. त्या वेळी मला अक्षर येत नव्हतं, लहूलाही नाही. काम नसेल तर इथं थांबायचं नाही, एवढं आम्हाला सांगून ठेवलं होतं. माची उघडी, वारा सुटलेला. माझी तर रोजची वाट तिथून होती, आणि कधी काही झालं नव्हतं.

वैशाखातली ती सकाळ. कामावर जाताना मी नेहमीप्रमाणे लहूच्या दारात थांबलो. आत त्याच्या बायकोचा, भागीरथीवहिनींचा आवाज चढलेला.

"डॉक्टरच्या गोळ्या का नाय घेतल्यात?"

"गोळ्यांनी काय होतो? तो म्हणतो छातीतली धूळ निघायची नाय. मग गोळी कशाला देतो?"

"म्हणून काय टाकून द्यायच्या?" वहिनी बाहेर आल्या. डोळे तारवटलेले, पदर कसाही खोचलेला. मला बघून त्यांचा तोल सुटला. "बघा भावोजी, सगळी रात मी ह्यांची पाठ चोळतेय. शेजारीपाजारी झोपत नायत. आणि ह्ये औषध घेणार नाय म्हणतात! असा रोज रोज मराण बघण्यापरीस एकदाचा काय त्ये होऊन जाऊ दे. तुमी पण सुटाल, मी पण सुटेन."

शेजारच्या पडवीत लहूचा थोरला भाऊ बाबाजी दात घासत होता. त्याचा हात थांबला.

लहू मात्र शांत. काखेत एक कापडी पिशवी मारून तो बाहेर आला. "वाईच पेज निवत ठेव," त्यानं सांगितलं. "आज मी दोन वाट्या जेवेन, बघ."

"जेवाल! कालची तशीच हाय," वहिनी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

वाटेत चढ लागला. लहू दर दहा पावलांवर थांबत होता. पिशवी फुगलेली बघून मी चिडवलं, "काय रे, सासुरवाडीला मुक्काम काय?"

"असू दे." धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "सोनू, तिचा काय चुकत नाय रे. मला पण माझा आवाज ऐकवत नाय."

"भांडण मनावर घेऊ नको."

"घेतोय कोण? मी नवराच हाय असा." मग जरा वेळानं, "भाजणी आजून चालू हाय ना?"

"हाय. दोन-तीन रोज तरी."

"बरा झाला," असं म्हणून तो चालू लागला.

जेवणाच्या सुट्टीत पंपावर त्याची जागा रिकामी होती. डबा तसाच, झाकण न उघडलेला. गेला असेल इकडे तिकडे, असं वाटून मी माझ्या फेरीला वर गेलो. मागच्या माचीवर वळलो आणि थांबलो.

नळीपाशी चौकडीच्या चादरीचा एक ढीग बसला होता. नळीचं तोंड चादरीच्या आत.

"लहू?"

मी चादर ओढली. तो कठड्याला टेकून, मांडी घालून बसला होता. मान छातीवर. तोंडावर अशी लाली, की कित्येक महिन्यांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. पोटभर झोप झालेल्या माणसासारखा. म्हणूनच मी त्याला आधी दोन शिव्या घातल्या. मग खांदा हलवला आणि तो बाजूला कलंडला.

खाली आणलं. थोसर साहेब धावत आले, गुडघ्यांवर बसून त्यांनी त्याची छाती दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. किती वेळ ते करत होते कोण जाणे. शेवटी येसूनं त्यांचा दंड धरला. "साहेब, पुरे झाला. गेलाय तो."

माचीवर त्याची पिशवी पडली होती. खाली येताना मी ती उचलली होती. दवाखाना, हवालदार, माणसांची गर्दी, यात ती माझ्याच खांद्याला राहिली आणि घरी येऊन खुंटीवर गेली.

हवालदारानं फार लोकांना विचारलं नाही. त्याला गरजच पडली नाही. आजारी माणूस. बरा होणार नाही असं डॉक्टरनं सांगितलेलं. चार लोकांसमोर "मला भट्टीत टाका" म्हणालेला. वायूच्या नळीशी जाऊन बसला, आणि वायू निसटू नये म्हणून वरून चादर घेतली. कुणालाही कळण्यासारखं होतं. "आजाराला कंटाळून," हवालदार म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं?

घरी मात्र ते तेवढ्यावर राहिलं नाही.

"आजाराला नाय कंटाळला," बाबाजी अंगणात सगळ्यांदेखत बोलला. "आजार त्यानं इतकी वर्षं काढलान. त्या सकाळी हिनं त्याला सुट म्हटलान, तो सुटला. माझ्या कानांनी ऐकलाय मी. ह्या सोन्यानं पण ऐकलाय. इचारा त्याला."

लोक माझ्याकडे वळले. वहिनी चौकटीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. नाही म्हणतील, रडतील, त्याला उलट शिवी देतील. त्यांनी फक्त मान हलवली. "होय," म्हणाल्या. "मी म्हटला."

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा लगेच शिवला. "बघा," बाबाजी म्हणाला, "काय मागं ठेवून गेला नाय. जायचाच होता त्याला." बायका वहिनींच्या जवळ बसेनात. त्यांच्या हातचं पाणी कुणी नाकारलं नाही, पण कुणी मागितलंही नाही. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंब आला नव्हता, तेही लोकांनी धरून ठेवलं. येसू मला म्हणाली, "भावजी, ती जेवत नाय. पान वाढला की उठते. ती पण त्याच्या मागनं जायला बघत्येय."

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला पडसं झालं. वैशाखात पोरं आंबे खातात, थंड पाणी पितात, व्हायचंच. संध्याकाळी बायकोनं टोपात पाणी उकळलं, त्यात ओवा टाकला, पोरीला समोर बसवलं आणि तिच्या डोक्यावरून गोधडी टाकली.

"आये, कोंडतंय!"

"कोंडू दे. वाफ आत जाऊ दे. तोंड उघड, छाती भरून घे."

पोर आत फुसफुसत होती. मी बाहेरच्या ओट्यावर विडी ओढत होतो. थोड्या वेळानं गोधडी काढली तशी पोर घामाघूम होऊन अंगणात पळू लागली. बायको मागून ओरडली, "उभी ऱ्हा! आधी अंग पूस, कानटोपी घाल. वाफ घेतल्यावर वारा लागला म्हंजे जास्तीचा होतो."

"गरम होतंय गो!"

"होऊ दे. घाल म्हटला ना!"

मी विडी टाकली. आत जाऊन खुंटीवरची लहूची पिशवी काढली. ती मी एकदाही उघडली नव्हती. माचीवर चादर ओढली तेव्हा त्याच्या बाजूला काही घडी करून ठेवलेलं होतं, तेही मी न बघता आत कोंबलं होतं. आता पिशवी जमिनीवर ओतली. कोरडा पंचा, घडी घातलेला. ओव्याची पुरचुंडी. आणि लोकरीची कानटोपी.

बायको पोरीला ओढत आत आली. माझ्यासमोर पडलेलं तिनं बघितलं. पोरीचा हात तिनं सोडून दिला.

"कुणाचा ह्यो?" तिनं विचारलं, आणि मग तिनंच तोंडावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी मी थोसर साहेबांच्या खोलीत गेलो आणि पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. एकेक वस्तू काढून दाखवली. आमच्याकडे वाफारा कसा घेतात, नंतर अंग पुसून डोकं-कान का बांधतात, ते सांगितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मी काय म्हणालो होतो त्याला?"

मी पंच्याची घडी सारखी करू लागलो.

"सांग, भुवड."

"फुप्फुसासारखा म्हणालात."

त्यांच्या तोंडात पान होतं. ते चावायचं थांबले. "समजावं म्हणून म्हणालो रे. नुसतं समजावं म्हणून." ते खिडकीकडे वळले. मग मी न विचारताच बोलू लागले, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "पातळ हवा आत जाते ती भट्टीच्या खालून. नळीतून येतं ते जळून उरलेलं. काजळी पुरती जळली नाही की त्यात एक वायू होतो. वास नाही, रंग नाही. उघड्यावर वाऱ्यानं उडून जातो. पण चादरीखाली... तो रक्तात शिरतो आणि हवेची जागा धरून बसतो. माणसाला कळतसुद्धा नाही. गुदमरत नाही, ठसका नाही, खोकला नाही. नुसती गुंगी येते."

"त्याच्या बायकोला सांगायला पायजे, साहेब."

"हो. सांग." ते उठले, खुर्चीला धरून उभे राहिले आणि परत बसले. "मी येत नाही. तिला सांग, मी... नको. माझं काही सांगू नकोस."

तसाच मी वहिनींकडे गेलो. बाबाजी ओट्यावर सुंभ वळत होता. त्यानं मान वर केली नाही. वहिनी मागच्या पडवीत, चुलीपुढे. चूल विझलेली.

"वहिनी, ही त्याची पिशवी. माझ्याकडे ऱ्हायलेली."

त्यांनी घेतली नाही. मीच वस्तू त्यांच्यासमोर मांडल्या. टोपीकडे त्या बघत राहिल्या, मग पुरचुंडी उचलली, नाकाशी नेली.

"ह्यो माझ्या डब्यातला ओवा."

"होय."

"कानटोपी कशाला न्हेलानी? एवढ्या उन्हात?"

मी सांगितलं नाही. त्यांनाच ते दिसावं म्हणून थांबलो. त्यांनी पंचा उचलला, त्याची घडी मोडली, परत घातली. आणि तो हात तसाच राहिला.

"वाफ घ्यायला गेले व्हते?" आवाज इतका बारीक की मला ओठांवरून समजलं.

मग मी दाण्याची गोष्ट सांगितली. साहेबांनी फोडून दाखवलेला, आत कोरा निघालेला. मेलेला नाही, कोंडलेला. सावकाश भाजला की दारातली काजळी निघून जाते, नव्यासारखा होतो. साहेब फुप्फुसांबद्दल काय बोलले तेही सांगितलं. "त्याला वाटला, त्या नळीतून तीच हवा येते. सुटायला नाय गेला तो, वहिनी. बरा व्हायला गेला होता. म्हणून तर पेज निवत ठेव म्हणाला."

दारात सावली पडली. बाबाजी सुंभ हातात घेऊनच आला होता. किती ऐकलं होतं कोण जाणे. तो खाली वाकला, कानटोपी उचलून त्यानं उलटसुलट केली, जिथली तिथं ठेवली आणि परसात निघून गेला. जरा वेळानं तिकडून त्याचा हुंदका ऐकू आला, लहान मुलासारखा मोठ्यानं.

तेव्हा वहिनी रडल्या. जमिनीवर हात आपटत, लहूला नावं ठेवत. "मला सांगायचा नाय? मी पाणी तापवून दिला असता ना! मी गोधडी धरली असती! असा कसा ह्यो माणूस..." रडणं ऐकून येसू धावत आली, तिनं त्यांना कवेत घेतलं. मला वाटलं, ओझं उतरलं. मी उठलो.

"थांबा भावोजी."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मरायला गेले असते तर मी त्यांच्यावर राग धरून ऱ्हायले असते. मला टाकून गेले म्हणून. त्या रागावर दिस काढले असते. आता मी कुणावर राग धरू?"

मी परत खाली बसलो. येसू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वहिनी विझलेल्या चुलीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिथं त्यांना खोकला आला असंल काय हो?"

"नाय वहिनी. साहेब म्हणाले, त्या वायूनं खोकला येत नाय. ठसका पण नाय. नुसती गुंगी येते."

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि मग परत एकदा.

"म्हंजे त्यांना वाटला असंल," त्या म्हणाल्या, "गुण येतोय."